दुनळीचा चाप सकाळीच का अडायचा

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची आमची १२ बोअरची दुनळी निवडणुकीत पोलिसांकडे जमा होती. परत आली ती थंडीत. पहाटे पुढचा चाप, म्हणजे उजव्या नळीचा, ओढला की नुसता ढिला लागायचा. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा आतला हातोडा, पडल्याचा आवाजच नाही. दुपारी तोच चाप ठणठणीत.

तपासणी सगळी रिकाम्या बंदुकीवर. दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसला, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत गेला, मगच नकली, म्हणजे बिनदारूची, काडतुसं घातली. नकली हवीतच, नाहीतर आतली पिन कोरडी आपटून तुटते.

बंदूक १८७५ च्या ॲन्सन-डीली पद्धतीची. घोडे आत, बंदूक उघडायला नळ्या खाली वाकवल्या की आपोआप मागे ताणले जाणारे, म्हणजे चढणारे. नळ्यांखालची लाकडी मूठ नीट बसली नसेल तर ते चढतच नाहीत, म्हणून आधी ती पाहिली. मग सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ. बंदूक उघडली की ती स्वतःहून मागे येते, आणि पुढे सारायची विसरलो तर चांगला चापही बिघडलेला वाटतो. दोन्ही ठीक होतं.

मग नळ्या सावकाश मिटताना कान दिला. मिटतानाच उजव्या बाजूला बारीकसं 'टक्' झालं. चाप ओढण्याआधीच घोडा खाली येत होता! चढलेला घोडा सिअर नावाच्या अडणीवर थांबतो; तिचं नाक घोड्याच्या खाचेत बसायला हवं, ते वेळेत बसत नव्हतं. जिवंत काडतूस असतं तर बंदूक मिटतानाच बार उडू शकला असता. सेफ्टीचा इथे काही उपयोग नाही. ती फक्त चाप अडवते, घोडा नाही.

पहाटे बिघाड आणि दुपारी नाही, म्हणजे संशय तेलावर. जमा करण्यापूर्वी घरात कोणीतरी खोबरेल ओतलं होतं, गंजू नये म्हणून. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. सिअरची स्प्रिंग बारीक. त्या थिजलेल्या तेलापुढे तिचं चालेना.

इथून पुढे हात लावला नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून परवानाधारक मिस्त्रीकडे नेली. खाच कानशीने 'साफ' करू नका, असं त्यांनी बजावलं. तिचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो गेला की धक्क्यानेही घोडा पडतो.

स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारे पेचकस घेऊन त्यांनी खालची पट्टी उघडली. आत पिवळट मेणासारखा थर. रॉकेलने धुऊन, पुसून, भाग ज्यावर फिरतात त्या प्रत्येक खिळीवर पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब. सिअरची स्प्रिंग दमलेली होती, तीही बदलली. काट्याने मोजल्यावर पुढच्या चापाला पावणेदोन किलो ओढ आली, मागच्याला थोडी जास्त. जुन्या दुनळीला एवढी हवीच.

घरी आणून पुन्हा पहाटेच, बंदूक रात्रभर गार झाल्यावर, नकली काडतुसांसह, प्रत्येक चाप १० वेळा तपासला. मिटताना आवाज नाही, ओढल्यावर प्रत्येक वेळी टक्. आता जमा करायची वेळ आली की नकली काडतुसांवर दोन्ही घोडे पाडून ठेवतो, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या स्प्रिंगांवर पूर्ण ताण राहत नाही. तेल फक्त बाहेरून, फडक्याने. खोबरेलची बाटली स्वयंपाकघरात.