तुम्ही विचारलंत म्हणून: 'अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळाच होता ना?'

व्हर्जिनियात राहतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. गणपतीच्या आरतीनंतर येतो, जेम्सटाउन बघायला नेलेल्या पाहुण्यांकडून गाडीत येतो. त्या काळ्या मालकाचं, अँथनी जॉन्सनचं, नाव व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमुळे सगळ्यांना पाठ. विचारणाऱ्याच्या आवाजात एक सुटकाही असते: म्हणजे त्यांचं त्यांनीच केलं, इंग्रजांना कशाला बोल लावायचा?

पहिला नव्हता. 1640 मध्ये व्हर्जिनियातच जॉन पंच हा आफ्रिकन नोकर एका डच आणि एका स्कॉट नोकराबरोबर पळाला. तिघेही पकडले गेले. त्या दोघांची चाकरीची वर्षं वाढली, पंचला जन्मभराची चाकरी. त्याही आधी, 1636 मध्ये, कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरच्या इंग्रजांनी ठरवून टाकलं होतं की विकायला आणलेल्या आफ्रिकन आणि 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी, माणसांनी, आधीचा करार नसेल तर, मरेपर्यंत राबायचं.

पूर्वी मी इथेच थांबायचो. समोरचा गप्प झाला की बरंही वाटायचं. आता ते वकिली उत्तर वाटतं. पंचला निदान पळाल्याची शिक्षा होती. जॉन्सननं जन्मभरासाठी अडकवलेल्या माणसाचा काही गुन्हाच नव्हता. त्या माणसाचं, जॉन कासॉरचं, नाव मात्र मला कुणी विचारलेलं नाही.

जॉन्सन स्वतः 1621 मध्ये 'अँटोनियो' म्हणून आला, तंबाखूच्या मळ्यात राबला आणि सुटला. 1651 पर्यंत ईस्टर्न शोअरवर, म्हणजे व्हर्जिनियाच्या खाडीपलीकडच्या पूर्व भागात, त्याची 250 एकर जमीन होती. बायको मेरी, मुलं, गुरं. कासॉर म्हणत होता, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत संपून सात वर्षं झाली तरी हा सोडत नाही. जॉन्सन म्हणाला, करार मी पाहिलेलाच नाही, हा जन्मभरासाठी माझा. मग शेजारचे गोरे पार्कर बंधू मध्ये पडले: करार खाडीपलीकडे आहे, आम्हाला माहीत आहे, सोडला नाहीस तर कासॉर तुझ्या बहुतेक गाई वसूल करेल. जॉन्सन घाबरला. बायको, दोन्ही मुलगे, जावई, सगळ्यांनी समजावलं आणि त्यानं कासॉरला सोडलं.

तिथल्या नॉर्दम्प्टन काउंटी कोर्टाच्या दप्तरातलं हे घरगुती बोलणं वाचताना दरवेळी वाटतं, इथेच संपायला हवं होतं. पण सुटलेला कासॉर राबायला गेला तो रॉबर्ट पार्करच्याच शेतावर. शेजाऱ्याचा कळवळा कशाचा होता, ते यात आलंच! जॉन्सन कोर्टात गेला. मार्च 1655 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला, खर्च पार्करवर, कासॉर परत जॉन्सनकडे. स्वतः विकला गेलेला माणूस हे करू शकला. गोऱ्यांच्या कोर्टात मालक म्हणून उभं राहिल्याशिवाय आपलं काही टिकणार नाही, असं त्याला वाटलं असेल, हे मी एकेकाळी फार ठासून सांगायचो. असेलही. पण कासॉरला ते सांगून काय उपयोग?

फॉरवर्डमध्ये पुढचं नसतं. जॉन्सन मेरीलँडला गेला आणि 1670 मध्ये वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियात ज्यूरीनं ठरवलं की तो निग्रो, म्हणून परका. त्यानं मागे ठेवलेली जमीन सरकारजमा. कासॉरवर हक्क सांगताना परका नव्हता, जमिनीच्या वेळी झाला. मधल्या काळात, 1662 मध्ये, कायदाही आला होता: मूल आईच्या स्थितीचं, म्हणजे गुलाम बाईचं मूल गुलाम, बाप गोरा मालक असला तरी. हे कायदे करणाऱ्या सभेत जॉन्सनसारखा एकही माणूस नव्हता.

बायको म्हणते, एवढं पुराण लावण्यापेक्षा सरळ 'हो' म्हणून जेवायला बसावं. जॉन्सननं गुलाम ठेवला का, याला माझं 'हो'च आहे. पण विचारणाऱ्याला तेवढंच हवं असतं, आणि तेवढंच द्यायला मी तयार नाही.