संशय मोबाईलवर, ठिणगी मात्र बोटातून

कोरड्या हवेच्या दिवसांत गाडीच्या सीटवरून घसरत खाली उतरावे आणि दाराच्या पत्र्याला बोट लागताच 'चट्' असा झटका बसावा, हा अनुभव बहुतेकांना असतो. मीही तो गमतीवारी नेत असे. पेट्रोल स्वतःच्या हाताने भरण्याची वेळ आली, तेव्हा मात्र त्या 'चट्'चा हिशेब मांडून पाहिला.

शरीरावरील स्थिर विद्युतभार साधारणपणे ३,००० व्होल्टच्या आसपास पोहोचल्याशिवाय झटका जाणवत नाही आणि कृत्रिम धाग्याचे कपडे सीटवर घासले गेल्यास तो १०,००० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. शरीराची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, १५० पिकोफॅरड धरली, तर १०,००० व्होल्टच्या ठिणगीत ७.५ मिलिज्यूल ऊर्जा असते. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलही पुरतो. अट एवढीच, की हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असावे. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही. ते नेमके प्रमाण जुळते टाकीच्या तोंडाशी, म्हणजे नोझल धरलेला आपला हात असतो तिथेच.

मोबाईलची भीती मला त्यामानाने अवाजवी वाटते. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने इंधन भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, त्यांत मोबाईलमुळे आग लागल्याचे सिद्ध झाले नाही. वारंवार दिसली ती वेगळीच गोष्ट: नोझल टाकीत अडकवून चालक गाडीत जाऊन बसला, परतला आणि त्याने थेट नोझलला हात लावला. तरीही फोन खिशात ठेवावा, कारण पडद्यात गुंतलेल्या माणसाला पेट्रोल सांडलेले दिसत नाही.

म्हणून एकदा उतरल्यावर टाकी भरेपर्यंत मी गाडीत बसत नाही. बसावेच लागले, तर परतल्यावर नोझलपासून दूर, दाराच्या उघड्या धातूला आधी हात लावतो. प्लास्टिकचा कॅन डिकीतच ठेवून भरणे तर त्याहून वाईट, कारण खालच्या गालिच्यामुळे त्यावरचा भार जमिनीत उतरत नाही. कॅन जमिनीवर ठेवावा आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावा.

इतके करूनही टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसलीच, तर नोझल ओढून काढण्याचा मोह आवरावा. ते बाहेर आले की पेटते पेट्रोल चहूकडे उडते. ते तसेच सोडून लांब व्हावे आणि पंपाचा आपत्कालीन बंद करण्याचा खटका दाबायला ओरडून सांगावे.