खेकडे, झिंगे, बटेर: मृगापासून पोळ्याच्या करीपर्यंत

कोंबडी-बकऱ्याच्या पलीकडचं जे काही भंडारा जिल्ह्यात हाताशी मिळतं, ते घरच्या चुलीवर नीट शिकायचं, असं उन्हाळ्यात ठरवलं होतं. आतापर्यंतच्या सगळ्या चुका एकाच जागी होत्या: वेळ. हात सावजी रश्शावर बसलेला, म्हणून समोर येईल ते मटणासारखं रटरटवत होतो.

मृग. पहिल्या पावसाला खेकडे बांधीच्या, म्हणजे भाताच्या शेताच्या, धुऱ्यावर आले. सहा धरले, मसाल्यात घंटाभर शिजवले. मांस सुतासारखं झालं आणि कवचाला चिकटून बसलं. माय म्हणाली, "अरे, खेकडा हाय तो, बोकड नाई." रस्सा मात्र सगळ्यांनी भाताशी संपवला.

आषाढ. पाळलेली जपानी बटेरं आणली. रानातली बटेरं धरायची नाहीत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पाळलेली सहा-सात आठवड्यांतच अंडी द्यायला लागतात, त्यामुळे रानाकडे पाहायची गरजही नाही. साफ केलेलं एक बटेर ओंजळीत मावतं. त्यावर चरबी जवळपास नसते, त्यामुळे रश्शात टाकलेली पहिली दोन कोरडी ठणठणीत झाली. तिसऱ्याचा पाठीचा कणा कात्रीने काढला, पक्षी चपटा केला, दही-मीठ-लसूण लावून दोन तास ठेवला आणि निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मिळून बारा मिनिटं भाजला. मांडीजवळचा रस लाल न राहता स्वच्छ आला, की उतरवायचा. हे जमलं.

झिंग्यांनी जास्त छळलं. मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळच्या जुन्या, तलावातले मोठे, लांब निळ्या नांग्यांचे झिंगे. त्यांची पिल्लं निमखाऱ्या पाण्यातच वाढतात, म्हणून बीज बाहेरून आणून तलावात सोडावं लागतं. दोनदा घरी आणले, दोनदा मांस पिठासारखं भुसभुशीत. मला वाटलं जास्त शिजले. तलावावरच्या मासेमार काकांनी कारण दाखवलं: झिंगा मेला की डोक्यातला पाचक रस शेपटीकडच्या मांसात उतरतो आणि ते आतूनच विरघळायला लागतं. आता काठावरच डोकी काढतो, शेपट्या बर्फात ठेवतो. कढईत तीन मिनिटं, रंग फिरला की बाहेर. डोकी तेलात परतून गाळली, की तेच तेल फोडणीला.

श्रावण आमच्याकडे पाळतात. महिनाभर फक्त मसाला कुटला.

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा खेकडे, आठ. पोटाखालची झडप अरुंद असेल तो नर, रुंद असेल ती मादी. दोन माद्यांच्या झडपेखाली बारीक पिल्लं चिकटलेली होती, त्या परत नाल्यात सोडल्या. फवारणी झालेल्या बांधीतले खेकडे घेतच नाही. उरलेले सहा बर्फात सुस्त केले, मग कवच उघडून करड्या पिसांसारखे कल्ले काढून टाकले. बारीक पाय पाट्यावर पाणी घालून वाटले आणि कापडातून गाळले. राखाडी, ओढ्याच्या वासाचं पाणी निघालं.

मसाला आधीच पूर्ण केला: भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, भिवापुरी मिरची, तेल सुटेपर्यंत. मग ते पाणी ओतलं आणि उकळी येईपर्यंत पळी थांबवली नाही. थांबलं तर फाटतं. ज्वारीचं पीठ न लावता रस्सा आपोआप दाट झाला! मग खेकडे, आणि उकळत्या रश्शात पंधरा मिनिटं. नांगी फोडली तर मांस अख्खं, पांढरं, गोडसर निघालं. मायने दुसरी नांगी न विचारता घेतली.

पंधराच्या खाली मी जाणार नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाणारा परजीवी असू शकतो. त्याच्या आजारात खोकल्यातून रक्त येतं आणि तो टीबी समजला जातो. नीट उकळल्याने तो मरतो. पण कच्चं वाटण पाट्यावर होतं, म्हणून पाटा, सुरी आणि कापड उकळत्या पाण्याने धुऊन मगच सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरायला घेतला.

एक खोट उरली. दगडफूल नेहमीएवढंच पडलं आणि खेकड्याचा गोडवा त्याखाली दबला. पुढच्या खेपेला निम्मं घालणार, आणि दोन लवंगा कमी.