फुली म्हणजे रिकामं

गोव्यात चोडणच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट रायबंदरला लागेपर्यंत माझ्या कोड्याच्या चार-पाच ओळी होतात. रांगेत स्कूटर मागे राहिली आणि एक बोट चुकली, तर दहा बाय दहाचं अख्खं चित्र. ऑफिसला उशीर होतो, पण हल्ली मी बोट चुकल्याचं फारसं मनाला लावून घेत नाही.

नोनोग्राम म्हणतात या कोड्याला. चौकटीच्या डावीकडे आणि वर आकडे दिलेले असतात. त्या त्या आडव्या किंवा उभ्या ओळीत सलग किती घरं काळी करायची ते आकडे सांगतात. दोन गटांमध्ये निदान एक घर मोकळं हवं. बास, नियम एवढाच. सगळं बरोबर भरलं की चित्र दिसतं: कासव, किटली, कधी काय ते शेवटपर्यंत कळतच नाही. १९८७ साली तोक्योत नॉन इशिदा या बाईंनी उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे चालू-बंद करून चित्रं काढली, स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि त्यातून हे कोडं आलं. तेत्सुया निशिओ यांनाही त्याच सुमारास ते स्वतंत्रपणे सुचलं होतं. १९९० पासून विलायतेत ‘संडे टेलिग्राफ’ दर आठवड्याला छापू लागला. नावातला ‘नॉन’ तो इशिदाबाईंचाच.

मी शिकलो मोबाईलवर आणि तिथेच बिघडलो. चुकीच्या घरावर बोट पडलं की ॲप लगेच लाल होतं, म्हणजे ठोकून बघायची सोय! कागदावर कोण सांगणार? पहिल्यांदा भाचीने वीस बाय वीसचं कोडं छापून दिलं, तेव्हा तिसऱ्या ओळीत एक घर अंदाजाने काळं केलं आणि सतराव्या ओळीत आकडे बसेनात. श्रावणातला पाऊस, वीज गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडत बसलो.

तेव्हापासून फुलीला मान द्यायला लागलो. जे घर नक्की रिकामं, त्यात फुली. आधी मला तो फुकटचा उद्योग वाटायचा. पण ही ओळ बघा: पंधरा घरं, आकडे ४, ५, ३. बेरीज बारा, मधली दोन मोकळी, झाली चौदा. सगळे गट डावीकडे रेटा, मग उजवीकडे रेटा. फरक एकाच घराचा. दोन्हीकडे जी घरं काळी येतात ती पक्की: दुसरं ते चौथं, सातवं ते दहावं, तेरावं आणि चौदावं. बारापैकी नऊ घरं हातात आली, तीन अडली. आता उभ्या ओळीवरून समजा एवढंच कळलं की पहिलं घर रिकामं आहे. घाला फुली. चारचा गट दुसऱ्या घरापासून सुरू झाला, त्याने पाचाला ढकललं, पाचाने तिनाला, आणि ओळ संपली. एका फुलीत! काळ्या घराइतकंच काम फुलीनेही होतं.

असं फुल्या घालून सोडवलेलं एक कोंबड्याचं कोडं मी उत्साहाने मावशीला दाखवायला गेलो. आमच्या घरात दारांवर जी तोरणं आहेत, पोपट आणि कलशवाली, ती सगळी तिने लग्नाआधी दोसुतीवर, म्हणजे घरं मोजून भरायच्या जाड कापडावर, भरलेली. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला.

“कितें रे हें? दोसुती?”

तशी दोसुतीच म्हणायची. घरं मोजायची, नमुना उतरवायचा. मी सांगितलं, या कोंबड्याची घरं मोजून मोजून काढलीत. ती म्हणाली, कोंबडा कुठला, तू सगळी जमीन भरून ठेवलीस आणि पक्षी रिकामा. बराच वेळ आमचं एकमेकांना कळेचना. मग उजेड पडला: तिच्या हिशेबात फुली म्हणजे टाका. जिथे फुली तिथे दोरा. माझ्या फुलीत काहीच नसतं.

मी समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि कागद ठेवून घेतला.

चवथीच्या आधी तिने हातरुमालाएवढा तुकडा माझ्यापुढे टाकला. लाल दोऱ्याने भरलेली गच्च जमीन आणि मधे कोऱ्या कापडाचा पांढरा कोंबडा. देवळाच्या भिंतीवरच्या कावीच्या चित्रांत लाल खरवडून खालचा चुना दाखवतात, अगदी तसा. माझ्या काळ्या कोंबड्यापेक्षा कितीतरी रुबाबदार.

फक्त शेपटीच्या मागे, लाल जमिनीत, एक पांढरं भोक.

“हे राहिलं का गो, मावशी?”

“माझं कशाला राहील? चौदाव्या ओळीत तू फुली घालायला विसरलास.”

कागद काढून बघितला. विसरलो होतो.