संक्रांतीचा डबा आणि कस्टमचा कागद: माझा अनुभव

परदेशी पार्सल पाठवताना कस्टमच्या फॉर्मवर ‘फूड आयटम्स’ एवढंच कधीही लिहू नका, आणि किमतीचा रकाना कोरा सोडू नका. या दोन गोष्टींमुळे आईने 9 डिसेंबर 2024 ला टाकलेला संक्रांतीचा डबा जर्मनीत माझ्या हातात 23 जानेवारीला पडला. संक्रांत 14 तारखेला होऊन गेली होती.

डब्यासाठी एवढा जीव का टाकायचा, हे इथला जानेवारी काढलेल्यालाच कळेल. डिसेंबर खरं तर निभतो. बर्लिनसारख्या शहरात 21 तारखेला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, पण रस्त्यांवर दिवे असतात, नाताळचे बाजार असतात, माणसं बाहेर असतात. 6 जानेवारीनंतर ते सगळं उतरवलं जातं. अंधार तेवढाच राहतो आणि दिवे जातात. घरची आठवण मला तेव्हा सगळ्यात जास्त छळते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिकडे तिळगूळ वाटायला सुरुवात होते.

डब्यात काय होतं ते मुद्दाम वजनासकट देते, कारण पुढे सगळं याच यादीवर अडलं. तिळाचे लाडू 1 किलो, गुळाच्या पोळ्या अर्धा किलो, पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो, मेतकूट पाव किलो, गोडा मसाला 200 ग्रॅम, आमसुलं 200 ग्रॅम. खोक्यासकट 3 किलोच्या थोडं वर. टपालाने पाठवलं तर प्रत्यक्ष वजनाचे पैसे पडतात. खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि त्यातून येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो, आत चिवडाच असला तरी. म्हणून चिवड्यासाठी मोठं खोकं घेऊ नका.

टपालाचा ट्रॅकिंग नंबर 13 अक्षरांचा असतो आणि भारताचा असेल तर शेवटी ‘आयएन’ येतं. तोच नंबर जर्मन टपालाच्या साइटवरही चालतो. भारताची साइट ‘देशाबाहेर रवाना’ म्हणून थांबली की इकडची बघायची.

माझं पार्सल नाताळच्या आधी जर्मनीत पोचलं आणि तिथून पुढे हललंच नाही. 25 आणि 26 डिसेंबरला सुट्टी, 1 जानेवारीला सुट्टी, मधल्या दिवसांत अर्धं ऑफिस रजेवर. संक्रांतीसाठी पाठवायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटी टाका. डिसेंबरचा दुसरा आठवडा सगळ्यात वाईट.

16 जानेवारीला पत्र आलं: पार्सल तुमच्या भागाच्या सीमाशुल्क कार्यालयात आहे, किमतीचा पुरावा घेऊन या. पत्रावर शेवटची तारीख असते, ती आधी बघा. ती उलटली की पार्सल भारतात परत जातं.

20 तारखेला सकाळी गेले. टोकन घेतलं, तासभर बसले. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म दाखवला. वस्तूंच्या रकान्यात ‘फूड आयटम्स, गिफ्ट’, किमतीत काहीच नाही. बिल कुठे आहे, त्यांनी विचारलं. आईने घरी केलंय, विकत घेतलेलं नाही, मी म्हटलं. मग किंमत कशावरून ठरवायची? मी फोनमधला आईचा मेसेज दाखवला. फोनवरचं चालत नाही, कागद हवा. आणि खोकं तिथेच, काचेपलीकडे, आईच्या अक्षरातला पत्ता माझ्याकडे करून ठेवलेलं. रिकाम्या हाताने परत आले. तो राग अजून गेलेला नाही. आईच्या हातच्या लाडवांचं बिल आणायचं कुठून?

पण त्यांचा नियम समजून घेतला की उत्तर सापडतं. एका माणसाने दुसऱ्याला सहज पाठवलेली, पैसे न घेता दिलेली भेट 45 युरोपर्यंत करमुक्त असते. त्यापुढे 700 युरोपर्यंतच्या भेटवस्तूंना सरसकट एका ठरावीक टक्क्याने कर लागतो. आपला डबा 45 च्या आत आहे, एवढंच त्यांना कागदावर हवं असतं. कोरा रकाना म्हणजे शून्य किंमत नव्हे, त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा घेतला जातो. आणि टपालखर्चाची पावती ही मालाची किंमत नव्हे. ती खोक्यावर चिकटवलेली असते, म्हणून हे आपणच सांगायचं.

त्या रात्री आईला एक कागद लिहायला सांगितला. प्रत्येक जिन्नस, वजन, रुपयांत किंमत: लाडू 480, पोळ्या 250, चिवडा 220, गोडा मसाला 260, मेतकूट 150, आमसुलं 120. एकूण 1,480 रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने 17 युरोच्या आत. खाली ‘मी मुलीसाठी घरी केलं, पैसे घेतलेले नाहीत’ असं इंग्रजीत, तारीख आणि सही. सोबत वाण्याच्या बिलाचा फोटो, ज्यात तीळ, गूळ, शेंगदाणे दिसतात. दोन्ही छापून घेतलं. पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून पत्त्याच्या नोंदणीचा कागदही लागतो. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला पार्सल आणायला पाठवणार असाल तर त्याला सहीचं अधिकारपत्र द्या, त्याला इथे ‘फोलमाख्ट’ म्हणतात.

23 ला पुन्हा टोकन, पुन्हा बाक. या वेळी पाच मिनिटं लागली. खोकं आपल्याच हाताने उघडायचं असतं. कटर ते देतात, पण पुन्हा बंद करायला चिकटपट्टी आपली न्या. मेतकुटाची पिवळी पूड साध्या पिशवीत होती, त्यावर नाव नव्हतं, ती बराच वेळ हातात धरून बघितली. पूड असेल त्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि घटक चिकटवा. लाडवांत दूध आहे का, हा प्रश्न नक्की येतो, कारण युरोपीय संघाबाहेरून टपालाने दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ‘सेझाम, रोअरत्सुकर, एर्डनुस, ओहने मिल्श’ म्हणजे तीळ, गूळ, शेंगदाणे, दुधाशिवाय, एवढं सांगितलं आणि सुटले. साजूक तूप, पेढे, खव्याचं काही घालू नका, तिथेच राहील. ताजा कढीपत्ता आणि ताजी फळंही नकोत. त्यांना झाडपाल्याच्या आरोग्याचा दाखला लागतो. अननस, केळं, नारळ, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच तो माफ आहे.

एक महत्त्वाचं राहिलं. बाहेर उणे 3 होतं. गार खोकं गरम खोलीत उघडलं की हवेतलं बाष्प थंड पदार्थांवर बसतं आणि चिवडा सादळतो. कस्टममध्ये उघडावं लागलंच, पण आतल्या पिशव्या उघडल्या नाहीत. घरी आणून खोकं रात्रभर बंद ठेवलं आणि सकाळी फोडलं. चिवडा दुहेरी पिशवीत होता, कुरकुरीत राहिला. पोळ्या एकाच पिशवीत, त्या मऊ पडल्या. तव्यावर मंद आचेवर शेकल्या की नीट होतात. लाडू चिक्कीच्या गुळाचे करू नका, दीड महिन्यात दाताने फुटत नाहीत. साधा गूळ आणि जास्त कूट घातलं तर मऊ राहतात.

अंधारासाठी औषध म्हणून डब्यावर विसंबू नका, त्याची वेगळी तजवीज हवी. सकाळी उठल्यावर 10,000 लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा अर्धा तास, दिव्यात बघायचं नाही, तो समोर बाजूला ठेवायचा. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, भारताशी अंतर साडेतीनवरून साडेचार तास होतं. फोनची ठरलेली वेळ त्याच दिवशी आईला नव्याने सांगा, नाहीतर दोन्हीकडे वाट बघणं होतं.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. त्या वर्षी ती 4 फेब्रुवारीला होती. ऑफिसात, शेजारी, खालच्या बेकरीत, सगळ्यांना दिला. तीन लाडू आईशी फोनवर बोलताना खायला ठेवले.