मिठाने प्रोटीन सुटतं की चिकटतं? तुम्ही विचारलंत म्हणून

कार्यशाळा कुठलीही असो, चहाच्या सुट्टीत कुणीतरी गाठतंच. "मॅडम, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मीठ वाढवलं की खनिजावर प्रोटीन जास्त बसतं की कमी? एका वाक्यात सांगा ना." एका वाक्यात येत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं मी टाळतेय. टाळत नाही हो. कुठलं मीठ, कुठलं प्रोटीन, कुठला पृष्ठभाग, पीएच (द्रावणाची आम्लता) किती, हे कळल्याशिवाय उत्तर द्यायचं म्हणजे तुमची फसवणूक करायची.

सिलिकाचंच घ्या, वाळूतलं खनिज. पीएच 7 ला सिलिका ऋणभारित असते. लायसोझाइम या प्रोटीनचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो तो, 11 च्या आसपास; म्हणून 7 ला ते धनभारित. दोघांची ओढ पक्की. सोडियम क्लोराइड घातलं की आयन हे भार झाकतात. 1 मिलिमोलर इतक्या पातळ मिठात भाराचा प्रभाव साधारण 10 नॅनोमीटरपर्यंत पोचतो, 100 मिलिमोलरला जेमतेम 1. ओढ सैल पडते. अल्ब्युमिन हे प्रोटीन मात्र 7 ला स्वतःच ऋणभारित, सिलिकापासून दूर ढकललं जाणारं. तेच मीठ ते ढकलणं झाकतं आणि अल्ब्युमिन उलट जास्त बसू शकतं. एकच मीठ, एकच पृष्ठभाग, आणि उत्तरं दोन.

मी एवढी हट्टाने का बोलते, ते सांगते. पीएचडीच्या प्रगती समितीसमोर मी कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या कॉलमवरचे (खनिज भरलेल्या नळीवरचे, जिच्यातून प्रोटीनचं द्रावण सोडतात) दोन आलेख ठेवले होते. पहिल्यात लायसोझाइम सोडियम क्लोराइडने सुटून आलं होतं. दुसऱ्यात अल्ब्युमिन 1 मोलर मिठातही जागचं हललं नव्हतं, आणि मग त्याहून कितीतरी कमी फॉस्फेटने सगळं खाली उतरलं होतं. एका ज्येष्ठ सदस्यांनी दुसऱ्या आलेखावर पेनाने फुली मारली. माझ्या प्रिंटवर, माझ्यासमोर. म्हणाले, "कॉलम खराब आहे. हा काढून टाका." मी म्हटलं, "सर, कॉलम तोच आहे, पहिलाही त्याच्यावरच केलाय." ते म्हणाले, "फॉस्फेटनेही आयनिक स्ट्रेंग्थच (द्रावणातल्या आयनांचं एकूण प्रमाण) वाढते ना? मग फरक कसला?"

मी सांगायला लागले. अ‍ॅपटाइटमध्ये कॅल्शियम आहे. अल्ब्युमिनचे ऋणभारित कार्बॉक्सिल गट त्या कॅल्शियमला धरून बसतात. ती पकड नुसती भाराची नसते, म्हणून क्लोराइडला ती सुटत नाही. फॉस्फेट थेट त्याच कॅल्शियमवर हक्क सांगतं. लायसोझाइमचे धनभारित अमिनो गट खनिजातल्या फॉस्फेटला धरतात, तिथे मिठाने भागतं. रसायनशास्त्रज्ञ तिसेलियसांनी हा कॉलम 1956 साली आणला, गोर्बुनॉफ यांनी 1984 मध्ये ही यंत्रणा उलगडून मांडली. मी काही नवं सांगत नव्हते. कुणी ऐकलं नाही. इतिवृत्तात आलं, 'दुसरा संच विश्वासार्ह नाही.' त्या संध्याकाळी मी प्रिंटवरची ती फुली बघत बसले होते आणि मला रडू आवरत नव्हतं. राग त्यांचा होता, आणि तो गेलाय असं आजही म्हणणार नाही.

पण मनापासून सांगायचं तर त्यांचा प्रश्न वाईट नव्हता. तेव्हाची मी तो स्वतःच विचारला असता. त्या तेव्हाच्या मला आयनिक स्ट्रेंग्थ हा एकच आकडा पुरायचा. तिला मी आज सांगते की तो पुरत नाही. हॉफमाइस्टर या शास्त्रज्ञाने 1888 मध्ये प्रागमध्ये अंड्याचं पांढरं घेऊन दाखवलंच होतं, वेगवेगळी मिठं त्यातलं प्रोटीन वेगवेगळ्या प्रमाणात खाली बसवतात. ती म्हणते, "मग तुझं लायसोझाइमचं उत्तर तरी पक्कं आहे का?" नाही. पृष्ठभाग भरत आला की शेजारी बसलेले लायसोझाइमचे रेणू एकमेकांना ढकलतात. मीठ ते ढकलणंही कमी करतं, आणि मग त्याच जागेत जास्त रेणू मावू शकतात. ओढ सैल होणं जिंकतं की दाटी, हे परिस्थितीवर ठरतं.

आणि मीठ पृष्ठभागालाही हात लावतं. काळ्या मातीवर काम करणाऱ्यांसाठी हे खास. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या थरांना कॅल्शियम एकत्र धरून ठेवतं, सोडियम त्यांना सुटं करतं. सुट्या थरांवर जागा जास्त. त्यामुळे कॅल्शियमच्या द्रावणात प्रोटीन कमी बसलं तर पकड ढिली झाली की जागाच उरली नाही, हे मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही. विचारायला याल तेव्हा मिठाचं नाव आणि पीएच घेऊन या. दोघं मिळून बघू.