पान पिवळं पडलंय, पण कुठलं पान?

बंद गॅलरीत, खिडकीच्या काचेआड मिरची, ढबू, टोमॅटो लावणारे सांगलीत आता खूप झालेत, विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये तर आतल्या खोलीत एलईडी ट्यूब लावून रोपं वाढवणारेही माझ्या ओळखीत आहेत, आणि या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पानं पिवळी पडायला लागलीत, काय घालू? मी दरवेळी उलट विचारते, कुठलं पान पिवळं झालंय, खालचं का शेंड्याचं? यावर समोरचा जरा वैतागतो, त्याला औषधाचं नाव पाहिजे असतं. पण खरं सांगते, या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं आणि निम्मा खर्च वाचतो, म्हणून आज सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

झाडाच्या आत काही अन्नद्रव्यं फिरती असतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही फिरती. कमी पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि शेंड्याकडच्या कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो आणि वर चढतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही एकदा पानात जाऊन बसली की तिथनं सहसा हलत नाहीत, जस्त आणि मँगनीज पण फारसे फिरत नाहीत, म्हणून ती कमी पडली की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवीन येणारं पानच फिकट येतं. गंधकाची कमी पण वरच दिसते, फक्त त्यात शिरांसकट सगळं पान फिकट होतं. ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, खोडव्यावर, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसावर, केवडा पडतो तेव्हा पोंग्याजवळची, म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, खालची नाही, कारण तिथं लोह कमी पडलेलं असतं.

मग दुसरं बघायचं ते शिरा. खालचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं झालंय तर नत्र. खालचंच पान आहे पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. खालच्या पानाची कडा आधी पिवळी होऊन मग करपत आत येतेय तर पालाश. वरचं कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसतेय तर लोह. पानं गडद, खालच्या बाजूनं जांभळट आणि वाढ खुंटलेली असेल तर स्फुरद, हे थंडीत जास्त दिसतं कारण गार मातीत मुळाला स्फुरद नीट उचलता येत नाही, त्यामुळे डिसेंबरात जांभळं पान दिसलं म्हणून लगेच खत ओतू नका, जरा ऊब येऊ द्या.

इथपर्यंत सगळं पुस्तकी आहे आणि कुठल्याही तक्त्यात मिळतं. खरी गोष्ट पुढे आहे. आपण कुंडीत नुसती माती भरत नाही, माती तयार करतो. गांडूळ खत, कोकोपीट, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, कुणी राख टाकतं, कुणी साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, आणतं. एवढं घातलेल्या मातीत अन्न नाही असं फार कमी वेळा होतं. अन्न असतं, मुळाला ते घेता येत नाही. आणि हे ओळखलं नाही की माणूस पिवळ्या पानावर अजून खत घालतो आणि झाड अजून बिघडतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चांगली जोमात आलेली रोपं माणसं प्रेमानं मारतात.

आमच्या शेजारच्या वहिनींची ढबू घ्या. माती शेतातली काळी, त्यात गांडूळ खत, चुलीची राख, हाडांचा चुरा. रोपं सुरुवातीला झकास, फुलं यायच्या सुमाराला शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. वहिनींनी कुणाचं ऐकून युरियाचं पाणी दिलं, मग एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं, काही फरक नाही. "अहो खत तर सगळं घातलंय, मग कमी काय पडतंय?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मी कुंडीतली चिमूटभर माती बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकलं, तर माती बुडबुडे सोडायला लागली. म्हणजे चुनखडी. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच, त्यात राख घातली की पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते सांगणारा आकडा, अजून वर जातो, म्हणजे माती अजून विम्ल होते. आणि पाणी कुठलं घालताय विचारलं तर आरओ मशीनचं बाजूला पडणारं पाणी, वाया जायला नको म्हणून. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार जास्त दाट झालेले असतात, आणि बोअरचं पाणी आधीच जड असेल तर ते रोज कुंडीत ओतणं म्हणजे मातीत थोडा थोडा चुना आणि मीठ घालत राहणं. फरशी पुसा त्या पाण्यानं, संडास धुवा, कुंडीला नको.

कुंडीतल्या बहुतेक भाजीपाल्याला मातीचा पीएच ६ ते ६.८ च्या आसपास मानवतो. तो साडेसातच्या वर गेला की मातीत लोह भरपूर असलं तरी ते मुळाला मिळेल अशा रूपात राहत नाही. म्हणजे वहिनींच्या कुंडीत लोह होतं, फक्त कुलूप लागलेलं होतं.

लोहच आहे का हे पक्कं करायची एक साधी परीक्षा आहे, फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, ते लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम घ्यायचं, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि पिवळं झालेलं एकच पान, अख्खं झाड नाही, त्या पाण्यात बुडवायचं नाहीतर ब्रशने लावायचं, संध्याकाळी. पानाला दोऱ्याची खूण करून ठेवायची. आठवड्याभरात त्या पानावर हिरवे ठिपके, पट्टे यायला लागले आणि शेजारची पानं तशीच पिवळी राहिली तर लोहच. नाही आले तर दुसरं कारण शोधा. मला ही परीक्षा फार आवडते, झाड स्वतः उत्तर देतं, कुणाच्या मताची गरज राहत नाही. वहिनींच्या पानावर ठिपके आले.

मग पुढे काय केलं, तर राख बंद, आरओचं पाणी बंद, नळाचं पाणी आणि त्यात अगदी थोडं सायट्रिक ॲसिड घालून पीएच साडेसहाच्या जवळ आणून ते द्यायचं. लोह मातीतून द्यायचं असेल तर दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं लोह, मिळतं, पण पुडीवर बघून घ्या, ईडीटीए लिहिलेलं असेल तर ते चुनखडीच्या मातीत टिकत नाही, पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते, ईडीडीएचए लिहिलेलं महाग असतं पण अशा मातीत तेच टिकतं. गंधकाची भुकटी मिसळूनही पीएच उतरतो पण ते काम मातीतले जिवाणू करतात, त्याला आठवडे, महिने लागतात, आणि चुनखडी जास्त असेल तर घातलेला गंधक ती खाऊन टाकते. अशा मातीत मी म्हणेन पुढच्या हंगामाला मिश्रणच बदला, काळी माती कमी, कृष्णाकाठची गाळाची माती मिळाली तर ती घ्या, उरलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत. कोकोपीट मात्र धुवून घ्यायचं, त्यात पालाश आणि सोडियम भरपूर असतो, आणि पालाश जास्त झाला की मॅग्नेशियमची वाट अडते, मग खालची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. तिथं एप्सम सॉल्ट उपयोगी पडतं, लिटरला ५ ग्रॅम, पानांवर फवारून, उन्हाच्या आधी. केळीच्या सालीचं पाणी रोज देणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं, त्यातून जाणारं मुख्य म्हणजे पालाशच.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडं खास दिसते, उसाचं पाचट नाहीतर चिपाड बारीक करून कुंडीत घालायची. कुजलेलं असेल तर सोनं आहे. कच्चं असेल तर त्यात कर्ब (कार्बन) प्रचंड आणि नत्र नावापुरता, ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं, खालची पानं एकसारखी पिवळी पडत वर येतात. शेतात पाचट ठेवणारा शेतकरी त्यावर युरिया आणि कुजवणारं जिवाणू खत का टाकतो ते याच्यामुळं. कच्च्या प्रेसमडचं पण तसंच, ती कुजताना गरम होते, हात घालून बघा, कोमट लागली तर अजून थांबा. अशा वेळी निंबोळी पेंड चालते पण तिला वेळ लागतो, घाई असेल तर गांडूळ खताचं पाणी गाळून द्या.

आणि पाणी. हे मी खरं तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं इतकं हे कारण घराघरात आहे. घरात ऊन कमी, वारा कमी, कुंडी लवकर वाळत नाही, आणि आपण रोज सकाळी सवयीनं पाणी घालतो. मुळाला हवा लागते, माती सतत ओली राहिली की मूळ गुदमरतं, मग मातीत सगळं असून वर पानं पिवळी आणि लोंबलेली दिसतात, माणसाला वाटतं तहानलंय, अजून पाणी. बोट दोन पेरं आत घालून बघा, ओलं लागलं तर पाणी नको. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. मातीला आंबूस वास येत असेल, कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत असतील तर पाणी जास्तच होतंय. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानाची टोकं करपलेली असतील तर मात्र क्षार साठलेत, तिथं उलट एकदा भरपूर पाणी द्यावं लागतं, कुंडीच्या मापाच्या दुप्पट तिप्पट, खालनं वाहून जाईल असं, आणि मग नीट वाळू द्यायचं.

उजेडाचं थोडक्यात. ट्यूब फार लांब असेल तर खालची सावलीतली पानं झाड स्वतःच सोडून देतं, फार जवळ असेल तर सगळ्यात वरची, ट्यूबच्या थेट खालची पानं फिकट पांढरट होतात. दुसऱ्यात माणसं लोहाची कमी समजून बसतात. ट्यूब वर सरकवा, नवीन पान बघा.

किडीकडं पण बघाच. फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली की बंद गॅलरीत लाल कोळी फार येतो, पान लांबून पिवळं दिसतं, जवळून बघितलं तर बारीक बारीक फिकट ठिपके असतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीनं झटका, कागदावर चालणारे ठिपके दिसले तर खताचा विषय संपला, पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा आणि निंबोळी अर्क मारा. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुतेक फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर पिवळा कोळी. आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे डाग, पान लहान आणि गोळा झालेलं असेल तर ते विषाणूचं असू शकतं, त्याला औषध नाही, ते रोप काढून टाकायचं, जीव तुटला तरी काढायचं, नाहीतर पांढरी माशी ते बाकीच्यांना देते.

काही पिवळेपणाला तर काहीच करायचं नसतं. रोपाची पहिली दोन पानं पिवळी होऊन गळणारच. हळदीचा पाला जानेवारीच्या आसपास वाळतो तेव्हा शेतकरी घाबरत नाही, कंद तयार झाला म्हणतो. फळं धरलेल्या टोमॅटोची अगदी बुडाची दोन-तीन पानं पिवळी झाली तर तेही तसंच आहे, बाकी झाड चांगलं असेल तर ती काढून टाका आणि सोडून द्या.

मापायच्या यंत्रांबद्दल लोक विचारतात. मातीत खुपसायचे ते दोन काट्यांचे स्वस्त मीटर घेऊ नका, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पेनासारखा पीएच मीटर घ्या, बफरच्या पुडीनं, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणानं, तो जुळवून घ्या, एक भाग माती आणि अडीच भाग शुद्ध पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि मग मोजा. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पण साधारण याच प्रमाणात करतात. मीटर नको असेल तर सरळ प्रयोगशाळेत माती द्या. तासगावकडं माझे मामा द्राक्षवाले, ते एप्रिल छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे देठ तोडून परीक्षणाला पाठवतात आणि रिपोर्ट आल्याशिवाय खताच्या पोत्याला हात लावत नाहीत. एकरावर लाखो रुपये लावणारा माणूस जर आधी मोजतो तर आपण चार कुंड्यांसाठी निदान पान तरी नीट बघावं.

काही पण दिलं तरी एका वेळी एकच द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. आधी पिवळं झालेलं जुनं पान बहुतेक वेळा परत हिरवं होत नाही, त्याच्याकडं बघून निराश होऊ नका, नवीन येणारी पानं कशी येतायत ते बघा.

मला फोटो पाठवणार असाल तर दिवसाच्या उजेडात काढा, जांभळ्या एलईडीखाली काढलेल्या फोटोत पिवळं, हिरवं, तपकिरी काहीच कळत नाही. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक शेंड्याचा, एक बुडाच्या पानाचा, एक पान उलटं करून. सोबत लिहा की मातीत काय काय घातलंय, पाणी कुठलं, किती दिवसांनी घालता, आणि गेल्या महिन्यात त्यात नवीन काय टाकलं.